फीच्या आधीचा खर्च

२०१९ साली अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मला एमबीबीएसला प्रवेश मिळाला. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात सगळे म्हणाले, "आता खरा खर्च सुरू होणार." प्रत्यक्षात सर्वांत अवघड खर्च तोवर होऊन गेला होता.

बारावीनंतर पहिल्या वेळी नीटला मार्क कमी पडले. लातूरला जाऊन रिपीट करायचं ठरलं. निकाल जूनच्या सुरुवातीला लागला आणि लगेच रिपीटर बॅचचे प्रवेश सुरू झाले. आमच्याकडे तेव्हाच मृगाची पेरणी. बियाणं, खत आणि क्लासची फी एकाच पंधरवड्यात आली. सोयाबीनचा पैसा मात्र दिवाळीला येणार. अण्णांनी बियाणं उधारीवर आणलं, आईनं बचत गटातून कर्ज उचललं. क्लासची फी एकदा भरली की सुटते. रूमचं भाडं आणि मेस दर महिन्याला उभे राहतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मराठीतून शिकलेली. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळते, पण क्लासच्या नोट्स, टेस्ट सगळं इंग्रजीत. सुरुवातीला फिजिक्सचं गणित सोडवण्यापेक्षा प्रश्न समजून घ्यायलाच जास्त वेळ जायचा.

मार्क आले तरी कागद हवेत. ओबीसीच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. चुलत आजोबा गेले होते, पण निजामाच्या राजवटीत. १९४८ पर्यंत आमचा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे नोंद उर्दूत. आधी उतारा मिळवायचा, मग तो वाचून मराठीत उतरवून देणारा जाणकार शोधायचा. त्या हेलपाट्यांत अण्णांची शेतीची कामं खोळंबली, आणि प्रवेशफेरीची मुदत काही थांबत नाही.

त्यामानाने सरकारी कॉलेजची फी शिष्यवृत्तीमुळे पेलवली. मराठवाड्यातल्या सत्तर टक्के जागा इथल्याच मुलांना देणारा ७०:३० चा नियमही तेव्हा होता. तो सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. पुढे २०२२ साली आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, धाराशिवला, शंभर जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना पूर्ण शुल्कमाफी आहे. ओबीसी आणि भटक्या-विमुक्त समाजांसाठीची सरकारी संस्था महाज्योती अकरावीच्या मुलांना टॅब आणि ऑनलाइन क्लास देते, हेही मोलाचं आहे. पण बहुतेक मदत प्रवेश झाल्यावर हाती येते, आणि गावाकडची मुलं त्याआधीच गळतात.

दहावीला माझ्यापुढे असलेली मैत्रीण अशीच गळली. तिच्या पाठीमागे दोन भावंडं शिकत होती. रिपीटचं वर्ष घराला झेपलं नाही. तिनं नर्सिंग केलं. आज ती कुशल सिस्टर आहे, पेशंट तिच्यावर विश्वास टाकतात. पण तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि अभ्यासात ती कुठेच कमी नव्हती.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तालुक्याच्या गावी रिपीट करणाऱ्या मुलामुलींसाठी वसतिगृह आणि अभ्यासिका हवी. जूनमध्ये मिळणारं, सुगीनंतर फेडायचं बिनव्याजी कर्ज हवं. आणि जात पडताळणीचे अर्ज कॉलेजांनी अकरावीतच स्वतः पाठपुरावा करून पूर्ण करून घ्यावेत. शंभर जागा जिल्ह्यात आल्या आहेत. आता जिल्ह्यातली मुलं त्या जागांपर्यंत पोचायला हवीत.