खिशातलं नाणं नीट बघा!

मुलांनो, हा लेख वाचण्याआधी एक काम करा. घरातली चिल्लर गोळा करा. आईच्या पर्समधली, बाबांच्या शर्टाच्या खिशातली, फडताळातल्या डब्यातली. (आधी विचारून, बरं का!) एका जुन्या टॉवेलवर ती पसरा. आज आपल्याला पैसे मोजायचे नाहीत, पैसे बघायचे आहेत.

मी आंदर मावळात, टाकवे बुद्रुकला प्राथमिक शाळेत शिकवते. कान्हे फाट्यावरून आत वळायचं, इंद्रायणीचा पूल ओलांडायचा, की आलं आमचं गाव. एकीकडे भातखाचरं, दुसरीकडे कारखाने. चौथीला नाणी आणि नोटांची गणितं शिकवताना मी खरी नाणी वर्गात नेते. एकदा एका मुलाने हातातलं नाणं डोळ्याजवळ धरलं आणि विचारलं, "बाई, ह्याच्यावर पत्त्यातली चौकट का काढलीय?"

तुम्हीही बघा. नाण्यावर साल लिहिलेलं असतं, त्याच्या खाली बारकाईने बघा. चौकट दिसली तर ते नाणं मुंबईच्या टाकसाळीत तयार झालं. चांदणी असेल तर हैदराबादचं. गोल टिंब असेल तर नोएडाचं. आणि काहीच नसेल तर? तर ते कोलकात्याचं! आपल्या देशात नाणी पाडणाऱ्या चारच टाकसाळी आहेत. मुंबईची टाकसाळ १८२९ सालची, तर नोएडाची सगळ्यात धाकटी, १९८८ सालची. म्हणजे टाकव्याच्या किराणा दुकानात सुट्टे म्हणून मिळालेलं नाणं कुठून कुठे फिरून आलं, हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

हे कळल्यावर वर्गाला नादच लागला. मुलं नाणी आणू लागली. कुणी २००७ सालानंतरची नृत्यमुद्रांची नाणी आणली. त्यात रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं आणि पन्नास पैशांवर मूठ आहे. कुणी १९९२ सालचा, कणसं असलेला स्टीलचा रुपया आणला. मग लगेच पुढचा प्रश्न आला, "बाई, ह्याचे किती येतील?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर ऐकून तुम्हाला नवल वाटेल. नाणं जुनं आहे म्हणून महाग होत नाही. ते किती दुर्मीळ आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे, यावर त्याची किंमत ठरते. कोट्यवधी पाडलेलं नाणं पन्नास वर्षांचं झालं तरी साधंच राहतं. पण त्याच सालचं एखादं नाणं कुणाचा हात न लागता, टाकसाळीतून आलं तसंच राहिलं असेल, तर संग्राहक त्याच्यासाठी धडपडतात.

ही अवस्था मोजायची एक पट्टी आहे. अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाच्या संग्राहकाने १९४९ साली ती मांडली. तुमच्या पेपराला शंभरपैकी गुण असतात, नाण्याला सत्तरपैकी! एक गुण म्हणजे जेमतेम ओळखू येईल इतकं झिजलेलं नाणं. साठ आणि त्यावरचे गुण फक्त न वापरलेल्या नाण्याला. सत्तर म्हणजे पाचपट मोठं दाखवणाऱ्या भिंगातूनही एकही डाग किंवा ओरखडा न दिसणारं. हे गुण देणाऱ्या संस्थाही आहेत. 'पीसीजीएस' ही १९८६ ची आणि 'एनजीसी' ही १९८७ ची, दोन्ही अमेरिकेतल्या. त्यांचे जाणकार नाणं तपासतात, गुण देतात आणि ते प्लास्टिकच्या पक्क्या डबीत बंद करतात. जगभरचे संग्राहक आपली नाणी त्यांच्याकडे पाठवतात, भारतातलेही.

"मग नव्या कोऱ्या नाण्याला सत्तर मिळत असतील!" वर्गातली एक मुलगी म्हणाली. छे! नव्या नाण्यालाही ते अवघडच. विचार करा, टाकसाळीत यंत्रातून नाणी धडाधड खाली पडतात. एकमेकांवर आपटतात. मग पोत्यात भरली जातात, गाडीत चढतात, बँकेत उतरतात. या प्रवासातच त्यांना टोचे पडतात. म्हणून चांगलं नाणं शोधायचं असेल, तर जितकं कमी फिरलेलं तितकं बरं. बँकेत शंभर-शंभर नाण्यांची पाकिटं येतात. बाबांबरोबर बँकेत गेलात, तर एखादं नवं पाकीट मिळतं का विचारा. घरी आणून शंभरही नाणी तपासा. चार-पाच उजवी निघाली तरी खूप झालं. उरलेली बाजारात खर्च करा, तोटा काहीच नाही! बारा कोनांचं वीस रुपयांचं नाणं २०१९ साली जाहीर झालं. ते अजून फार झिजलेलं नाही, त्याच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

आता तपासायचं कसं ते सांगते. नाणं कायम कडेला धरायचं, दोन बोटांत. त्याच्या तोंडावर बोट टेकवायचं नाही, कारण घामाचा ठसा धातूवर उमटतो. खाली मऊ कापड असू द्या, म्हणजे हातातून निसटलं तरी आपटणार नाही. एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करा. कोऱ्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकासारखा फिरताना दिसेल. साच्याच्या दाबाने धातू मधून कडेकडे सरकतो, तेव्हा डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. त्या रेषांमुळेच ही चकाकी येते. नाणं वापरात आलं की ती आधी उंच भागावरून जाते. म्हणून अशोकस्तंभाच्या सिंहाचं कपाळ आणि आयाळ बघा. तिथे फिकट, सपाट चट्टा दिसला, तर नाणं कोरं नाही असं समजा. मग भिंग घेऊन मोकळ्या जागेतले ओरखडे मोजा.

ही चकाकी एकदा गेली की परत येत नाही. एका मुलाने आजीच्या देवघरातलं, कमळ असलेलं वीस पैशांचं नाणं आणलं होतं. १९६८ ते १९७१ या काळातलं ते पिवळं नाणं तुमच्याही आजीने बघितलं असेल. यात सोनं आहे असं लोक म्हणायचे. सोनं काही नव्हतं, पण कमळ म्हणजे लक्ष्मी, म्हणून पुष्कळांनी ते देवात ठेवलं. पोराचं नाणं कसं झगमगत होतं! भिंगातून बघितलं, तर अंगभर केसासारख्या रेघा. आजी दर दिवाळीला चिंच आणि राख लावून ते घासत होत्या. देवाच्या दृष्टीने ते चोख आहे, आजींच्या मायेची तर किंमतच नाही. पण गुण देणारा मात्र त्याला 'घासलेलं' म्हणून बाजूला ठेवील. तेव्हा नाणं कितीही काळं दिसलं तरी घासू नका.

आमच्याकडची काही मुलं दोरीला लोहचुंबक बांधून नदीतून नाणी काढतात. चुंबकाला स्टीलची नाणी चिकटतात, तांबं-निकेलची जुनी नाणी तळाशीच राहतात. आणि वर आलेली नाणी पाण्याने आणि वाळूने खरवडलेली असतात. गुणांच्या पट्टीवर त्यांना जागा नाही. शिवाय नदीला मोठ्या माणसांशिवाय जायचंच नाही, कळलं ना?

आता जे सांगते ते आई-बाबांनाही वाचून दाखवा.

नवं नाणं सत्तर गुणांचं का नसतं हे समजावून घेणारी ती मुलगी आठवते ना? तिचे वडील इथल्या एका कारखान्यात कामाला आहेत. त्यांच्याकडे २०१२ साली निघालेलं, वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं होतं. मोबाईलवर त्यांनी एक जाहिरात बघितली, 'हे नाणं असेल तर दहा लाख मिळवा'. त्यांनी फोटो पाठवला. लगेच फोन आला, "अभिनंदन! तुमचं नाणं पास झालं. नोंदणीचे अकराशे पन्नास रुपये भरा." त्यांनी भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, "आता कराचे चौदा हजार भरा, की लगेच दहा लाख खात्यात." पगाराला अजून आठ दिवस होते. त्यांनी मेव्हण्याकडून उसने घ्यायचं ठरवलं.

त्या रात्री मुलीने ते नाणं भिंगाखाली धरलं. देवीच्या मुकुटावर टोचे होते, सिंहाचं कपाळ सपाट झालेलं. तिने वडिलांना विचारलं, "पप्पा, त्या माणसाने नाणं भिंगातून बघितलं का?"

"फोटो बघितला की."

"फोटोत ओरखडे दिसत नाहीत. नीट न बघता दहा लाख कसे देतो?"

वडील गप्प झाले. सकाळी फोन आल्यावर त्यांनी सांगितलं, "आधी नाणं हातात घेऊन तपासा, मग बोलू." पलीकडचा माणूस चिडला, नाणं नको म्हणाला, आधी पैसे भरा म्हणाला. तेव्हा त्यांची खात्री पटली. आधीचे साडेअकराशे गेले ते गेलेच, पण चौदा हजार वाचले. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "बाई, हिच्याकडचं ते भिंग कुठं मिळतं?"

पालकहो, असे फोन गावोगाव येतात. काही फोन तर चक्क रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून स्पष्ट केलं, की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही, त्यासाठी आपण फी किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार कुणाला दिलेलाही नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा. लाजू नका.

मग नाणं तपासायला पाठवायचं तरी कधी? आपण चौथीतलं गणित मांडू. तपासणीची फी, परदेशी टपाल, विमा, परत येण्याचा खर्च, यांची बेरीज करा. चांगले गुण मिळाल्यावर नाणं जेवढ्याला जाईल, ती रक्कम या बेरजेपेक्षा बरीच जास्त असेल, तरच पाठवायचं. खिशातल्या रुपया-दोन रुपयांच्या बाबतीत हे गणित जवळजवळ कधीच जुळत नाही. कमी पाडलेल्या सालाचं आणि एकदम कोरं असं नाणं हाती लागलं, किंवा टाकसाळीतच छापताना मोठी चूक झालेलं नाणं सापडलं, तर विचार करावा. तेही आधी एखाद्या जाणत्या संग्राहकाला प्रत्यक्ष दाखवून.

तोवर नाणं जपायचं कसं? आपल्या मावळात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तशी नाण्यांनाही ती लागते. प्रत्येक नाणं कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. मऊ, वास येणारं प्लास्टिक नको, त्याने कालांतराने नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी मिळते, ती डब्यात टाका. पण धाकट्या भावंडांच्या हाताला लागू देऊ नका.

सुट्टीत मुंबईला गेलात, तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय बघा. नाशिकला गेलात, तर अंजनेरीची नाणकशास्त्राची संस्था बघा. १९८० सालापासून तिथे नाण्यांचा अभ्यास चालतो.

आणि आत्ता? तो टॉवेल अजून पसरलेला आहे ना? मग एका वहीत चार रकाने पाडा : साल, टाकसाळीची खूण, चकाकी, ओरखडे. प्रत्येक नाण्याला तुम्हीच सत्तरपैकी गुण द्या. मग तीच नाणी मित्राला द्या आणि त्याचे गुण वेगळ्या कागदावर घ्या. दोघांचे गुण जुळत नसतील, तर भांडू नका. नाणं पुन्हा दिव्याखाली धरा आणि दोघं मिळून बघा.