निशापूरचे दोन दिनार

तलासरी तालुक्याच्या हद्दीपलीकडे थोड्याच अंतरावर, आज गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात मोडणारे संजाण हे गाव आहे. इराणातून परागंदा झालेल्या जरथुष्ट्री लोकांनी भारतात आपली पहिली मोठी वसाहत तिथे केली, असे ‘किस्सा-ए-संजान’ हे फारसी काव्य सांगते. नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूने ते १५९९ च्या सुमारास, म्हणजे वर्णिलेल्या घटनेनंतर किमान सहाशे वर्षांनी रचले असल्यामुळे त्यातील तपशील इतिहास म्हणून जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. परंतु एखादा समाज आपल्या आगमनाची आठवण कोणत्या रूपाने जपतो, हे समजून घेण्यासाठी त्याच्याइतके उपयुक्त साधन दुसरे नाही. या काव्यातील जदी राणा नावाचा स्थानिक राजा निर्वासितांना आश्रय देताना काही अटी घालतो. आपला धर्म समजावून सांगावा, इथली भाषा बोलावी, स्त्रियांनी इथला वेश करावा आणि शस्त्रे खाली ठेवावीत, या चार अटी कोणत्याही सावध राजाला सुचाव्यात अशाच आहेत. पाचवी मात्र वेगळी आहे: मुलामुलींची लग्ने सायंकाळीच लावावीत.

या पाचव्या अटीचे स्पष्टीकरण काव्यात समाधानकारक रीतीने मिळत नाही. पारशी लग्ने सूर्यास्तानंतर लागण्याच्या प्रथेला परंपरेने याच अटीचा आधार दिला असला, तरी प्रथा आधीची असून तिला शोभेलसा उगम नंतर जोडला गेला असणेही शक्य आहे. ते काहीही असो. शस्त्र आणि भाषा यांच्या पंक्तीला लग्नाची वेळ बसवली गेली, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. परक्या मुलखात आलेला माणूस कुठे राहतो आणि काय पिकवतो यावर यजमानाची नजर असतेच, पण तो या भूमीत पुढची पिढी रुजवणार आहे याची जाहीर कबुली लग्नाच्या मांडवातच मिळत असल्याने, मांडव कधी आणि कसा घालायचा हे ठरवण्याचा हक्क यजमान सहजासहजी सोडत नाही.

त्या मांडवापर्यंतचा रस्ता लांबचा होता. काव्यातील हिशेबानुसार निर्वासितांनी शंभर वर्षे कोहिस्तानात, म्हणजे इराणच्या डोंगराळ मुलखात काढली, पंधरा वर्षे होर्मुझ बंदरात आणि एकोणीस वर्षे दीव बेटावर. समुद्रप्रवासाला तेवढे वादळाचे वर्णन लाभले आहे, वाळवंटाला फारसे नाही. तरीही खोरासानकडून होर्मुझकडे उतरणाऱ्याला दश्त-ए-कवीर हे क्षारांचे आणि दश्त-ए-लूत हे वाळू-खडकांचे अशा दोन वाळवंटांची कड धरूनच चालावे लागते, आणि यांपैकी लूतच्या पृष्ठभागाचे तापमान २००५ साली उपग्रहाने ७०.७ अंश सेल्सियस इतके नोंदवले आहे. उन्हाळ्यात अशा वाटांवर काफिले रात्रीच चालत आणि दिवस सराईत, म्हणजे प्रवाशांसाठी बांधलेल्या धर्मशाळेत, काढत. संजाणला पवित्र अग्नीची स्थापना करण्याची वेळ आली, तेव्हा लागणारी ‘आलात’, म्हणजे विधीची साधने, खोरासानहून आणवली गेल्याचा उल्लेखही काव्यात येतो. समुद्रमार्गाने आलेल्यांनी मागे सोडलेल्या मुलखाशी असलेला धागा तुटू दिला नव्हता, असा त्याचा अर्थ.

धागा पुढेही टिकला. १४७८ साली भरूचचा नरिमान होशंग यज्दला गेला आणि तिथल्या धर्मगुरूंकडून विधिनियमांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे घेऊन परतला. अशा प्रश्नोत्तरांच्या पत्रांना ‘रिवायत’ म्हणतात आणि त्यांची देवघेव अठराव्या शतकापर्यंत चालू राहिली. यज्द हे नगर वर सांगितलेल्या दोन वाळवंटांच्या मधोमध वसलेले आहे. कनात, म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने गावापर्यंत आणणारी योजना, हे त्याच्या जगण्याचे रहस्य. औरंगाबादेत मलिक अंबरने बांधवलेली नहर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. तेथील जरथुष्ट्री मात्र पाण्यापेक्षा माणसांनी अधिक गांजले होते. कजार राजवटीत त्यांना जिझिया द्यावा लागे, शहरात वाहनावर बसण्यास आणि मनाजोगते कपडे घालण्यास त्यांना बंदी असे, आणि मुलींना पळवून नेऊन धर्मांतर घडवले जाण्याची धास्ती घरोघरी असे.

ज्या घटनेत वाळवंटाची वाट थेट लग्नाच्या मांडवात जाऊन पोहोचते, ती या धास्तीतूनच घडली. १७९६ साली कैखुश्रू याजदियार नावाचा यज्दचा गृहस्थ आपल्या गुलिस्तानबानू या मुलीला घेऊन निसटला आणि मुंबईला पोहोचला. पुढे तिचे लग्न फ्रामजी भिकाजी पांडे या पारशी व्यापाऱ्याशी झाले. या लग्नाला कौटुंबिक घटनेपलीकडे महत्त्व येते ते त्याच्या परिणामांमुळे. फ्रामजींचे घर इराणातून येणाऱ्या निर्वासितांचा आधार झाले; मोठा मुलगा बरजोरजी याने १८३४ साली त्यांच्यासाठी निधी उभारला, आणि दुसरा मुलगा मेहेरवानजी याच्या पुढाकाराने इराणातील जरथुष्ट्रींची स्थिती सुधारण्यासाठी जी संस्था निघाली, तिने १८५४ साली माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला पाठवले. हातारियांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १८८२ साली जिझिया रद्द झाला, हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम. त्यांचे दुसरे काम कमी प्रसिद्ध आहे: संस्थेच्या पैशातून त्यांनी गरीब जरथुष्ट्री घरांतील शंभराच्या आसपास मुलींची लग्ने लावून दिली. पळवल्या जाण्याच्या भीतीवर वेळेवर झालेले लग्न हा एक उपाय होता आणि तो हुकला तर बहुधा पैशाअभावी हुकत असे, हे मुंबईच्या पांडे कुटुंबाला समजले होते, कारण ते कुटुंबच मुळी अशा भीतीतून उभे राहिलेले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी यज्द व केरमानच्या खेड्यांतून आणखी माणसे आली. बहुतेक जण काफिल्याबरोबर बंदर अब्बासला उतरत आणि तिथून जहाजाने मुंबई गाठत. हे बंदर होर्मुझ बेटाच्या समोरच असल्याने, कित्येक शतकांनंतरही वाट जवळपास तीच राहिली असे म्हणावे लागते. या नव्या आलेल्यांना, आधीच्या पारशांपासून वेगळे ओळखण्यासाठी, ‘इराणी’ हे नाव पडले. मुंबईने त्यांना चहाच्या दुकानांवरून ओळखले. डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्याने त्यांना वाडीवरून ओळखले. वाडी म्हणजे इथे घरांची वस्ती नव्हे, तर विहिरीच्या पाण्यावर जोपासलेली फळबाग, आणि त्यातही प्रामुख्याने चिकूची. चिकू हे मूळचे मध्य अमेरिकेचे झाड इथल्या खाऱ्या वाऱ्यात आणि रेताड जमिनीत इतके मानवले की २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाची कायदेशीर ओळख, मिळाली. इथे पावसाळ्यात पाण्याचा सुकाळ असला तरी पुढचे आठ महिने ते उपसून पुरवावे लागते, आणि या कामाची सवय यज्दच्या शेतकऱ्याला घरूनच असावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

या घरांतील लग्न हे अनेक मुलखांचे गाठोडे असते. यज्दकडील जरथुष्ट्रींमध्ये हिरवा रंग लग्नाचा आणि शुभाचा मानतात. जिथे हिरवे काही दिसायला दिवसभर चालावे लागते तिथे हे नवल नाही, आणि हिरव्या चुड्याच्या मुलखात त्याला वेगळे समर्थनही लागले नाही. पारशी पद्धतीच्या विधीत वधूवरांना समोरासमोर बसवून मध्ये कापड धरले जाते, सूत गुंडाळले जाते आणि कापड दूर होताच दोघे एकमेकांवर तांदूळ टाकतात. मराठी वाचकाला यात आपला अंतरपाट आणि अक्षता ओळखता येतील. उंबरठ्यावर चुन्याच्या भुकटीची जी नक्षी उठवतात तिला ‘चोक’ म्हणतात, म्हणजे आपला चौकच. एवढे सगळे स्थानिक झाल्यावर धर्मगुरू आशीर्वादाचे वाचन सुरू करतो, आणि त्या वाचनात अचानक वाळवंट परत येते. निशापूरच्या नाण्यातील शुद्ध चांदीचे दोन हजार दिरहम आणि अस्सल सोन्याचे दोन दिनार देण्याच्या बोलीवर ही कन्या या वराला देण्यास संमती आहे का, असे साक्षीदारांना विचारले जाते. निशापूर हे खोरासानातील नगर. दश्त-ए-कवीरच्या ईशान्येकडील वाटेवरचे व्यापाराचे ठाणे. १२२१ साली मंगोलांनी ते उद्ध्वस्त केले. त्याची ती नाणी व्यवहारातून कधीच गेली, पण लग्नाच्या मंत्रात ती चालूच आहेत. साक्षीदार होकार देतात, आणि रक्कम मोजण्याची अपेक्षा कोणी धरत नाही.

त्याच वाडीत काम करणाऱ्या माणसाच्या लग्नात मात्र प्रत्येक रुपया मोजला गेला, आणि फिटल्यानंतरही मोजला जात राहिला. वारली हे डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतील प्रमुख आदिवासी समाजांपैकी एक. जिव्या सोमा म्हसे या गंजाडजवळच्या चित्रकारामुळे, २०११ साली त्यांना मिळालेल्या पद्मश्रीमुळे आणि तयार वस्तूंवरील छपाईमुळे त्यांची चित्रकला सर्वपरिचित झाली असली, तरी ती मूळची लग्नाची कला आहे हे अनेकदा विसरले जाते. सवासिनी, म्हणजे विवाहित स्त्रिया, लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्याच्या मध्यभागी पालघाट ही वनस्पतींच्या वाढीची देवी असते, आणि धवलेरी नावाची गाणारी स्त्री लग्न लावते. पुरोहिताचे आसन स्त्रीकडे असलेले आणि चित्र लिहिल्याखेरीज न लागणारे हे लग्न महाराष्ट्रातील विवाहपद्धतींत वेगळेच उठून दिसते. खर्च तरीही चुकत नसे. वराकडून वधूच्या पित्याला द्यायचे देज, पाहुण्यांसाठी भात, ताडी आणि दारू यांसाठी रोख लागे, आणि रोख एकाच दाराशी मिळे.

ते दार जमीनदाराचे किंवा सावकाराचे असे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी मालकाच्या घरी राबणाऱ्या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. तो एकटा नव्हे, तर जिच्याशी लग्न केले ती बायकोही त्याच्याबरोबर राबे, आणि कर्ज कधी फिटले हे ठरवण्याची वही मालकाकडे असल्यामुळे ते सहसा फिटत नसे. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात ही वेठ नोंदवली आहे, आणि गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकाने ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. या मालकांत ब्राह्मण, वाणी, मुसलमान होते, तसे पारशी आणि इराणीही होते. हे शेवटचे नाव लिहिताना लेखणी थोडी अडखळते. ज्या समाजाने केरमानच्या गरीब मुलींना लग्नाच्या खर्चापायी अडकू दिले नाही, त्याच समाजातील काही जण घोलवडच्या परिसरात दुसऱ्याच्या लग्नाच्या खर्चावर वाडी चालवत होते. याला निव्वळ दांभिकपणा म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. केरमानची मुलगी दूर असूनही आपली होती आणि विहिरीवरचा वारली जवळ असूनही आपला नव्हता. हा दोष वाळवंटातून आलेल्यांचा एकट्यांचा नव्हता. जे कुठूनच आले नव्हते त्या मालकांनीही लग्नगडी तितक्याच सहजतेने ठेवले होते.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले आणि त्याच वर्षी मे महिन्यात झरी या गावी वारल्यांची सभा झाली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. १९६० साली त्या तालुक्याचा एक भाग संजाणसह गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांचा तलासरी झाला, त्यामुळे जदी राण्याचे गाव आणि झरी आज वेगवेगळ्या राज्यांत आहेत. वेठ करायची नाही, रोख मजुरीशिवाय खाजगी कामाला हात लावायचा नाही, असे सभेत ठरले. १० ऑक्टोबरला तलवाड्याजवळ जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. पण तोवर किसान सभेचे, म्हणजे लाल बावट्याचे, कार्यकर्ते गावोगाव मालकांच्या घरांपर्यंत पोहोचले होते आणि आत राबणाऱ्या लग्नगड्यांना बाहेर बोलावून, आजपासून तू मोकळा, असे सांगत होते. त्यांची लग्ने लागून कैक वर्षे लोटली होती, भिंतीवरचे चौक केव्हाच पुसले गेले होते, आणि काहींची मुले मालकाच्याच गोठ्यात मोठी झाली होती. वाडीपासून पाड्यापर्यंतचे अंतर बहुतेकांच्या बाबतीत कोस-दीड कोसाचे होते. नवराबायको, बरोबर मुले, ते चालत घरी गेले.