आमची जुनी जिप्सी



चर्चच्या आवारात आंब्याखाली उभ्या असलेल्या हिरव्या जिप्सीबद्दल बऱ्याच जणांनी आम्हांला विचारले आहे. कुणी कौतुकाने विचारले, कुणी थट्टेने, आणि एका ज्येष्ठ काकांनी रागाने. काकांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून तोच आधी घेतो. ते म्हणाले, "तुमच्या पाच जणांच्या या खेळण्यावर जेवढा पैसा गेला, तेवढ्यात एखाद्या गरीब पोरीचं शिक्षण झालं असतं की नाही?"

हिशेब लपवण्यासारखा नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत एका खडी मशीनवाल्याकडून आम्ही ती १,६०,००० रुपयांना घेतली, प्रत्येकी ३२,०००. त्यानंतर पत्रा, सील, बेअरिंग, टायर यांवर आणखी लाखभर तरी गेले आहेत. पॅरिशच्या निधीतला एक रुपयाही त्यात नाही. फादरांची ती पहिलीच अट होती. पण एवढे सांगून काकांचा प्रश्न सुटत नाही. खिसा आपला असला तरी त्यातला पैसा कुणाचा, हे रविवारच्या धर्मशिक्षणात मुलांना शिकवणारे आम्हीच आहोत.

गाडी घेतली ती एका वाडीसाठी. खानापूर तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना पावसाळा म्हणजे काय ते सांगायला नको. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि जूनपासून त्या पट्ट्यात प्रत्येक ओढा नदीच होतो. डांबरी रस्ता संपला की वाडीपर्यंत नऊ किलोमीटर जंगलाची वाट. मधे दोन ओढे, त्यातल्या एकावर मोडकी फरशी. वाडीत ख्रिस्ती घरे तीन. त्यांतल्या एका घरात ऐंशी पार केलेली एक आजी. पावसाळ्याचे चार महिने तिला मिस्सा नाही, ख्रिस्तशरीर नाही, आणि दुखलेखुपले तर धर्मगुरूही नाही. एका वर्षी वाडीतल्या एका म्हाताऱ्याला अभ्यंगाविना मूठमाती द्यावी लागली. ती गोष्ट फादरांच्या मनातून गेली नाही, आणि आमच्याही.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे शहर, त्यामुळे जिप्सी आम्हांला नवी नव्हती. कॅम्पातून जाणाऱ्या त्या गाड्या बघतच आम्ही कॉलेज केले. मारुतीने ती १९८५ च्या डिसेंबरात आणली, तेव्हा इंजिन ९७० सीसीचे होते. १९९६ मध्ये १२९८ सीसीचे आले आणि नावापुढे 'किंग' लागले. आमची १९९८ ची, म्हणजे कार्बोरेटरवाली. चारही बाजूंना पाटे असल्यामुळे खड्ड्यातून जाताना प्रत्येक मणका वेगळा मोजता येतो. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. पण वजनाला हलकी, साधारण एक टन, आणि रचना इतकी साधी की चार पाने आणि एक हातोडा असला तर जंगलातही काहीतरी करता येते. कंपनीने ती बनवणे आता बंद केले आहे, तरी सुटे भाग मिळतात.

घेतली तेव्हा मात्र ती गाडी कमी आणि गंज जास्त होती. पायाखालचा पत्रा ओढला तर हातात येत होता. पुढच्या चाकांच्या किंगपिनची बेअरिंग गेल्यामुळे चाळीसच्या पुढे स्टिअरिंग असे थरथरे की हात सोडावासा वाटे. त्यात नोंदणीची मुदत संपत आली होती. पंधरा वर्षे झालेल्या मोटारीची पुनर्नोंदणी पाच पाच वर्षांची असते, आणि एप्रिल २०२२ मध्ये तिची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. त्यामुळे पहिला पावसाळा गाडीने विटांवर काढला. त्या जुलैत फादर त्या नऊ किलोमीटर वाटेने चालत गेले.

दर शनिवारी संध्याकाळी आम्ही कामाला लागायचो. आमच्यातला एक पोस्टात, एक शिक्षक, एक आखातातून परत आलेला वेल्डर, एक किराणा दुकानदार, आणि कटेकिस्ट धरून पाच. शिकवायला आमचे मेस्त्री. ते मुसलमान आहेत, पण आमच्यापैकी काहींपेक्षा चर्चमध्ये त्यांचे येणे जास्त, गाडीमुळे. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब आहेत. फोर व्हील ड्राइव्ह लावण्याआधी खाली उतरून ते 'लॉक'वर न्यावे लागतात. पहिल्यांदा ते दाखवताना मेस्त्री म्हणाले, "ही गाडी तुमच्याच धर्माची दिसते. राडीत गुडघे टेकल्याशिवाय पुढं जात नाही."

त्यांनीच आणखी एक गोष्ट शिकवली, जी आम्हांला पटायला वेळ लागला. चारही चाके ओढतात असे आपण म्हणतो, ते तितकेसे खरे नाही. एका दांड्यावरच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असते. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून ते लागते. पण एक चाक चिखलात सुटले किंवा हवेत उचलले गेले की फिरण्याचा जोर त्याच सुटलेल्या चाकाला जातो, आणि ज्याच्याखाली घट्ट जमीन आहे ते चाक गप्प उभे राहते. पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन्ही चाके सुटली तर चार चाकांची गाडी जागच्या जागी गुरगुरत बसते. मग उपाय जुनाच. चाकाखाली दगड टाका, सुटलेले चाक जमिनीला टेकावे म्हणून त्या कोपऱ्यावर दोन माणसे उभी करा, आणि बाकीच्यांनी ढकला.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातले ते चौघे आम्हांला अशा वेळी हमखास आठवतात. पक्षाघात झालेल्या माणसाला त्यांनी बाजेवर घालून आणले, गर्दीमुळे दारातून शिरता येईना, तेव्हा छप्पर उसकटून त्याला प्रभू येशूसमोर खाली सोडले. त्यांची नावे मार्कने दिलेली नाहीत. प्रभूने पाहिला तो त्यांचा विश्वास, त्या चौघांचा. एका कोपऱ्याने जरी हात सोडला असता तर तो बिचारा छपरावरूनच घसरला असता! (त्या घराचे छप्पर नंतर कुणी नीट केले, हा प्रश्न आमच्या वेल्डरला पडतो. त्याचे उत्तर आमच्याकडे नाही.)

२०२४ च्या जुलैतल्या एका गुरुवारी आम्ही पहिल्यांदा पावसात वाडीला पोहोचलो. फोर-एलमध्ये गाडी माणसाच्या चालीने चालते. नऊ किलोमीटरला दोन तास लागले. एकदा रुतली, तेव्हा वाटेत भेटलेल्या दोन गुराख्यांनी ढकलली. आजीच्या ओसरीवर मिस्सा झाली, फादरांनी तिला अभ्यंग दिला, तिन्ही घरांनी ख्रिस्तशरीर घेतले. वरून पावसाची झड वाढत होती. फरशीवर पाणी चढायच्या आत निघायला हवे, म्हणून आम्ही उठलो.

आजी म्हणाली, "फादर गेल्या पावसात चालत आल्ते. जळवा लागलेल्या, पायातनं रगत येतंय. दोन रात्री ऱ्हायले. माज्या हातची आंबील पिले. तुमी गाडीतनं आलासा आणि आल्यापासनं घड्याळ बघायलासा."

ओढ्याचे कारण खरे होते आणि आजीचे बोलणेही खरे होते. फादर हसले, पण परतीच्या वाटेवर बाकी कुणी फारसे बोलले नाही. चालत जाणाऱ्याला थांबावेच लागते. गाडीवाल्याला निघता येते, आणि निघता येते म्हणून तो निघतो.

तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी जिप्सी निघते आणि रविवारी संध्याकाळी परत येते. फादरांना रविवार सोडता येत नाही, ते मधल्या वारी वेगळे येतात. आम्ही शनिवारी रात्री कंदिलाच्या उजेडात जपमाळ करतो, रविवारी सकाळी शब्दविधी आणि कम्युनियन. मधली जी रात्र असते, तिच्यात आजी बोलते. तिचा धाकटा मुलगा गोव्यात कामाला आहे आणि सणालाही येत नाही, हे तिने तिसऱ्या मुक्कामाला सांगितले. शेजारच्या घरातली मुलगी सातवी झाल्यावर घरीच बसली आहे, कारण पुढची शाळा लांब आणि वसतिगृहाला पैसे नाहीत, हे चौथ्या मुक्कामाला कळले. इतकी वर्षे ती तीन घरे आमच्या पॅरिशच्या वहीत होती, पण ही मुलगी घरी बसल्याचे कुठेच लिहिलेले नव्हते.

आम्ही हे काकांना जाऊन सांगितले. जिप्सी नसती तर त्या मुलीचे कळलेच नसते, असेही म्हणालो.

काका म्हणाले, "आता कळलं ना? मग विका गाडी, आणि भरा फी."

यावर आम्हांला काही सुचले नाही. सध्या ती मुलगी वसतिगृहात आहे, आठवीत बसली आहे, आणि गाडी विकलेली नाही. फी कशी जमली त्यातला बराचसा तपशील सांगायला काकांनीच मनाई केली आहे. गाडी मात्र त्यांना अजूनही पसंत नाही. दर रविवारी ते तिच्याकडे बघून मान हलवतात.

डाव्या पुढच्या चाकाचे सील पुन्हा गळते आहे. या शनिवारी ते बदलायचे, ब्रेकचे तेल बघायचे, आणि २५ जुलैला संत ख्रिस्तोफरच्या दिवशी फादर तिला आशीर्वाद देतील. आवारात ज्यांच्या गाड्या असतील त्यांच्याही त्यात येतील. पुढच्या मुक्कामाला मागच्या बाकावर दोघांची जागा आहे. येणाऱ्यांनी मिस्सानंतर आम्हांला भेटावे. जुने कपडे घाला, जळवांसाठी मीठ घ्या, आणि आजीसाठी चहापत्ती. साखर तिच्याकडे आहे.