टँकमधली अमावास्या

आमच्या हॉलमध्ये दोन फुटांचा फिश टँक आहे. त्यात बारा निऑन टेट्रा आणि दिवसभर वाळूत दडून बसणारे तीन कूली लोच. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे माझे कॉल रात्री दीडला संपायचे. पाणी प्यायला येऊन ट्यूब लावली की मासे दचकून सैरावैरा पळायचे. एकदा एक काचेवर आपटला. मला वाईट वाटलं, आणि इंजिनिअरला वाईट वाटलं की तो काहीतरी ऑर्डर करतो.

१२ व्होल्टची निळी एलईडी पट्टी, ईएसपी३२ बोर्ड, एक मॉस्फेट. शनिवारी दुपारी सोल्डरिंग, संध्याकाळी कोड. रात्री आठला पांढरा दिवा अर्ध्या तासात मंद होणार, निळा उजळणार, सकाळी सातला उलट. पट्टीच्या पाकिटावर ‘मूनलाइट’ लिहिलं होतं. पहिल्याच रात्री लोच बाहेर पडून वाळू हुंगत फिरले. मी व्हिडिओ स्टेटसला टाकला. भरपूर बदाम आले.

दोन महिन्यांनी बाबांची बायपास झाली. सांगलीचं घर बंद करून ते माझ्याकडे पुण्याला आले. हॉलमधला दिवाण उठाबसायला सोपा, म्हणून तिथेच झोपायचे. झोपायचे कसले? दिवसा पेंगायचे आणि रात्री टक्क जागे.

एकदा तीनला बाहेर आलो, तर ते टँककडे तोंड करून बसलेले.

“छान दिसतं ना?” मी विचारलं.

“छान आहे. बंद कधी होतं हे?”

“सकाळी.”

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आयसीयूत रात्रच होत नव्हती रे. डोळे मिटले तरी उजेड आत यायचा. एकदा सिस्टरना विचारलं, सकाळ झाली का? त्या म्हणाल्या, काका, दोनच वाजलेत.” मग माशांकडे बोट दाखवून, “यांना तर पापण्याही नाहीत.”

मी हे सगळं माशांसाठी केलं होतं, पण माशांविषयी काही वाचलं नव्हतं. त्या रात्री वाचलं. माशांना पापण्या नाहीतच, शिवाय त्यांच्या मेंदूतली पिनियल ग्रंथी कवटीतून झिरपणारा उजेड थेट ओळखते. अंधार पडला की तिथे मेलाटोनिन तयार होतं, त्यावरून शरीराला रात्र कळते. चंद्र निळा नसतोच, त्याचा उजेड म्हणजे परतून आलेलं ऊन. आणि माझ्या टेट्रांचं मूळ घर ॲमेझॉनच्या खोऱ्यातले ओढे. पाला कुजून तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं होतं, आणि असं पाणी निळा प्रकाशच सगळ्यात आधी गिळतं. म्हणजे मी त्यांना जी रात्र दिली होती, ती त्यांच्या पूर्वजांनी कधी पाहिलीच नव्हती. चंद्र तरी मावळतो, अमावास्येला येतच नाही. माझा रोज पौर्णिमेचा, अकरा तासांचा.

आपल्या डोळ्यांतही दिवस-रात्र ओळखणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांना सगळ्यात जास्त जाणवतो तो निळाच. म्हणजे दिवाणावरच्या माणसाची आयसीयू मी घरी चालू ठेवली होती.

कोडमध्ये एकच ओळ बदलली. निळा आता साडेआठला उजळतो, नऊपर्यंत विझत शून्यावर येतो. बाबांना रात्री बाथरूमची वाट दिसावी म्हणून जमिनीलगत एक छोटा पिवळा दिवा लावला, टँकवर उजेड पडणार नाही असा. ट्यूब मी रात्री लावतच नाही.

त्या रात्री बाबांना लगेच झोप लागली असं नाही. अंधारात आम्ही बराच वेळ बसलो. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, म्हणूनच असेल, ते म्हणाले, “तिथं डोळे मिटायची भीती वाटायची. वाटायचं, मिटले तर उघडायचे नाहीत.” मी काहीच बोललो नाही. फिल्टरचा आवाज येत होता. मग केव्हातरी त्यांचं घोरणं ऐकू आलं.

सकाळी सातला पांढरा दिवा हळूहळू चढायला लागला. रात्री निऑनचा पट्टा फिका, जांभळट होतो. एकेक मासा पुन्हा निळा होत गेला. बाबा चहाचा कप घेऊन टँकपाशी उभे होते.

“उठले बघ,” ते म्हणाले.