गहूवाल्या काकी

आमच्या भोपाळच्या घरी अजूनही एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरतात. तेही सीहोरचे शरबतीच, हा आईचा हट्ट. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. पीठ ॲपवरून मागवणारा. यंदा मार्चमध्ये घरी होतो, म्हणून आईला घेऊन थेट शेतावरच गेलो.

बैरागढ, फंदा मागे पडलं की सीहोरची काळी जमीन दिसू लागते. आपला बडा तलाव भरणारी कोलांस नदी याच भागातून येते. म्हणजे आपलं पाणी इथलं आणि पोळीही इथलीच!

शेतावर काकी भेटल्या. 'क्लायमेट चेंज' हा शब्द मी दोनदा वापरला, त्यांनी एकदाही नाही. त्या वर्षं सांगतात. २०२२चा मार्च हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च. उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा तेव्हा भरत होता. गरम वाऱ्याने तो आकसला. आईलाही ते बारीक गहू लगेच आठवले.

त्यानंतर काकींनी पावसाळ्यात लवकर येणारं सोयाबीन घ्यायला सुरुवात केली. शेत लवकर मोकळं होतं, गहू वेळेत पेरला जातो आणि ऊन तापायच्या आत दाणा भरतो. पाऊसही आता एकदम कोसळतो, मग पंधरा-पंधरा दिवस गायब. म्हणून सोयाबीन रुंद वाफ्यांवर. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, वाफ्यात ओल टिकते. एका कोपऱ्यात हरभरा, कारण त्याला पाणी कमी लागतं. "गहू बुडाला तरी घरात डाळ राहते," काकी म्हणाल्या.

मला मराठवाडा आठवला. तिथे 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेसोबत बायकांनी घरच्या जमिनीतला एकेक एकर मागून घेतला आणि त्यात कमी पाण्याची कडधान्यं, भाजीपाला लावला. २०१७ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या एका एकरात काय पेरायचं, हे त्याच ठरवतात.

मी उत्साहाने विचारलं, "काकी, हवामानाचे मेसेज येतात ना?"

"येतात, पण काकांच्या फोनवर. खसऱ्यावर त्यांचं नाव ना. ते दिवसभर भोपाळला गाडी चालवतात. मेसेज मला कळतो रात्री."

तोवर फवारणी झालेली असते, कधी पाऊसही पडून गेलेला असतो. चांगली माहिती चुकीच्या नंबरवर गेली की तिचा उपयोग शून्य, हे मला ऑफिसात रोज दिसतं. इथे त्याची किंमत पिकात मोजावी लागते.

आमचं तरी काय वेगळं? आईच्या फोनमध्ये नंबर होता 'गहूवाले काका' या नावाने. काकींचा स्वतःचा साधा फोन आहे. त्याचा नंबर आम्हीही कधी मागितला नव्हता. निघताना मागितला. मेसेज कुठे नोंदवायचा ते मी शोधतोय. काकांची हरकत नाही.

तुम्हीही शेतावरून गहू आणत असाल, तर पुढच्या खेपेला एवढंच विचारा: पेरणी कधी करायची, हे घरात कोण ठरवतं? आणि नंबर त्यांचा घ्या.