परतीची वेळ

म्हैसूरहून गुंडलुपेटमार्गे बंदीपूरच्या अरण्यातून केरळातील सुलतान बत्तेरीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतायचे ठरले, तेव्हा मी नियोजन शेवटापासून केले. २००९ पासून या महामार्गावर रात्री ९ ते सकाळी ६ सर्वसाधारण वाहतुकीस बंदी आहे; रुग्णवाहिकांसारख्या आपत्कालीन वाहनांना आणि मोजक्या सरकारी बसगाड्यांना तेवढी मुभा. म्हणून परतताना दिवस मावळण्याआधी अरण्य ओलांडायचे, इंधन गुंडलुपेटलाच भरायचे आणि शिदोरी जंगलाबाहेरच सोडायची, कारण वाटेत थांबण्यास मनाई आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी या बंदीकडे मालमोटारींचे वाया जाणारे तास म्हणूनच पाहत आलो होतो. परतीच्या वाटेवर, पाचच्या सुमारास, पिलासह एक हत्तीण रस्त्यावर आली. दोन्हीकडची वाहने थबकली. ती सावकाश पलीकडे गेली. उजेड होता म्हणून ती आम्हांला दिसली. काळोखात, भरधाव वेगात, कदाचित दिसली नसती.

वायनाडमधील शेतकऱ्याचे आणि व्यापाऱ्याचे गाऱ्हाणे खोटे नाही. त्यांचा खर्च मोजता येतो, म्हणून तो टिपणीत येतो. हत्तिणीसाठी मात्र माझ्या हिशेबात रकानाच नव्हता. चूक आकड्यांची नव्हती, तक्ता आखणाऱ्याची होती.