गोणीचं वजन कोण ठरवतं?

"डॉक्टरसाहेब, कंबरेला पट्टा लिहून द्या." नगरच्या केडगावात कामगारांचे आजार तपासताना हे हमखास ऐकू येतं आणि मी टाळाटाळ करतो. पट्ट्याने आधार वाटतो, पण धडधाकट माणसाची दुखापत त्याने टळते याला पुरावा नाही. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संशोधन संस्थेने हे 1994 मध्येच सांगितलं. उलट पट्टा आवळला की गडी झेपेल त्याहून जास्त उचलायला बघतो.

शेजारी नेप्तीचा उपबाजार. लासलगावला कांदा ट्रॅक्टरमध्ये मोकळा येतो, नगरकडे गोणीत. गोणी साधारण 50 किलोंची. गाडीतून उतरवायची, थप्पी मारायची, लिलाव झाला की पुन्हा चढवायची.

नायॉशच्या सूत्रात उचलण्याची मर्यादा 23 किलो आहे, तीही सगळं मनासारखं असेल तर: ओझं अंगालगत, कंबरेच्या जरा खाली, धड न पिळता, आणि अधूनमधूनच. तेच ओझं घोट्यांपासून 50 सेंटीमीटर पुढे गेलं की मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. पाठीचे स्नायू मणक्याला अगदी लागून असतात. हात लांब गेले की तोल सावरायला त्यांना ओझ्याच्या कित्येक पट जोर लावावा लागतो, आणि तो सगळा दाब कंबरेतल्या चकत्यांवर येतो. म्हणून पाठीवर गोणी घेऊन चालणाऱ्यापेक्षा मला काळजी वाटते ती खाली वाकून, गोणीचे कान धरून, वळून ती त्याच्या पाठीवर देणाऱ्या दोघांची. बघणाऱ्याला मात्र कष्ट दिसतात ते पाठीवरचे.

इजा होईल इतकं ओझं कुणाला उचलायला लावू नये, असं 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 34 2025 पर्यंत सांगत होतं. पण बाजार समिती म्हणजे कारखाना नव्हे. हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांचा लढा होता. मजुरी, भविष्यनिर्वाह निधी यांच्या जोडीला त्यात आरोग्य आणि सुरक्षाही आहे. मजुरीवर भांडणं होतात. गोणी किती किलोंची असावी यावर झालेलं भांडण मी तरी ऐकलेलं नाही.

ब्रिटनमध्ये सिमेंटची पिशवी 25 किलोंची असते. मग कांद्याची गोणी का नको? शेतकऱ्याला विचारा: बारदाना दुप्पट लागेल, आणि हमाली नगावर असेल तर विक्रीच्या हिशेबाच्या पट्टीतून कापलेली रक्कमही दुप्पट. शिवाय घाईत हमाल दोन गोण्या एकदम उचलणारच. हमाली क्विंटलवर ठरवल्याशिवाय लहान गोणी टिकायची नाही.

तोवर मी ओट्याचा आग्रह धरतो, कारण त्याने कुणाच्या पट्टीला कात्री लागत नाही. ओटा गाडीच्या फाळक्याइतका उंच हवा, म्हणजे गोणी सरकवता येते, जमिनीवरून उचलावी लागत नाही. पिकअपचा फाळका खाली, ट्रकचा वर. तेव्हा ओटे दोन उंचींचे लागतील. गवंड्याने माप घ्यायला जाताना दोन हमाल सोबत न्यावेत.